अ‍ॅडम स्मिथचा कुत्रा आणि आमचा मोत्या

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात श्रमविभागणी शिकविताना एक ठरलेला उतारा दरवर्षी वाचावा लागतो. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विनिमयाची प्रवृत्ती ही केवळ माणसाची मिरास आहे असे सांगताना कुत्र्याचा दाखला दिला आहे. एका कुत्र्याने दुसऱ्याशी विचार करून, रास्त मोबदल्यात हाडाची अदलाबदल केली असे कोणाच्या पाहण्यात नाही, असा त्याचा युक्तिवाद. माणसाकडून काही हवे असेल तर कुत्र्यापाशी साधन एकच, आणि ते म्हणजे लाडीगोडी. आमच्या घरी सहा वर्षांपूर्वी मोत्या आला, आणि तेव्हापासून हा उतारा शिकविताना माझा आवाज पूर्वीइतका ठाम राहिलेला नाही.

मोत्या हा शुद्ध गावठी कुत्रा. महाविद्यालयाच्या वाहनतळावर सापडलेले हे पिल्लू माझ्या मुलीने घरी आणले. त्याचा उद्योग असा की, घरात कोणी आले की तो पाहुण्याची एक चप्पल उचलून पलंगाखाली नेतो. एकच नेतो, जोड कधीही नेत नाही. चपलांच्या जोडातील एक चप्पल हाती आली की दुसरीची किंमत आपोआप शून्यावर येते, हे पूरक वस्तूंचे तत्त्व त्याला कोणी शिकविले हे मला ठाऊक नाही. पोळीचा तुकडा समोर धरला की तो चप्पल ठेवतो आणि तुकडा घेतो. पहिल्या वर्षी हा व्यवहार चतकोर पोळीत मिटत असे. आता पाहुण्याला निघण्याची घाई आहे असे दिसले की तो पलंगाखाली आणखी आत सरकतो आणि भाव अर्ध्या पोळीवर, प्रसंगी तूप लावलेल्या पोळीवर जातो. मक्तेदाराने टंचाईचा फायदा कसा घ्यावा याचे इतके स्वच्छ प्रात्यक्षिक मला पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही.

हा कौतुकाचा भाग सोडून दिला तरी कुत्रा घरात आला की समाजाकडे पाहण्याची एक निराळी खिडकी उघडते, असा माझा अनुभव आहे. मोत्याला सकाळ-संध्याकाळ फिरविताना आपल्या मध्यमवर्गीय जीवनातील जे बदल दिसतात, ते ग्रंथालयात बसून दिसत नाहीत. आजचा हा लेख त्यासंबंधी आहे.

पहिला बदल नावांचा. मोत्या, वाघ्या, खंड्या, राजा, टिप्या ही नावे आता जवळजवळ नामशेष झाली आहेत. आमच्या वसाहतीत ब्रुनो आहे, सिंबा आहे, ओरिओ नावाचे एक काळेपांढरे कुत्रेही आहे. आमच्या मुलांनीही पिल्लासाठी असेच एक नाव योजिले होते. परंतु ते पिल्लू माझ्या आईने मारलेल्या 'मोत्या' या हाकेलाच ओ देई, म्हणून तेच नाव राहिले. नावापेक्षा भाषेची गोष्ट अधिक बोलकी आहे. ज्या घरात आजी-आजोबा मराठी बोलतात त्या घरातही कुत्र्याला आज्ञा दिली जाते ती 'सिट', 'कम', 'नो' अशी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही तावातावाने भांडलो. त्या सर्व काळात आमच्या दिवाणखान्यातला कुत्रा मात्र इंग्रजी माध्यमातच शिकत राहिला. आज्ञेची आणि प्रतिष्ठेची भाषा कोणती, हे माणूस सभेत काय बोलतो यावरून कळत नाही. तो कुत्र्याशी कोणत्या भाषेत बोलतो यावरून कळते.

दुसरा बदल जातींचा. थॉर्स्टिन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली 'दिखाऊ उपभोगा'ची मीमांसा केली. तिच्यात त्याने कुत्र्यालाही सोडले नव्हते. कुत्रा उत्पादनाच्या काही उपयोगाचा नाही, तो खर्चिक आहे आणि शिवाय मालकापुढे लाचार आहे, म्हणूनच त्याला प्रतिष्ठा आहे. मांजर त्या मानाने कमी खर्चिक आणि थोडीफार उपयोगी, म्हणून तिचा मान कमी, असे त्याचे तिरकस प्रतिपादन आहे. व्हेब्लेनने आज विदर्भातील एखाद्या शहराला मे महिन्यात भेट दिली असती तर त्याला आपला सिद्धांत तपासण्यासाठी फार हिंडावे लागले नसते. बर्फाळ प्रदेशासाठी घडलेला सायबेरियन हस्की तेथे वातानुकूलित खोलीत धापा टाकताना त्याला पाहावयास मिळाला असता.

बाजार ही आवड निर्माण कशी करतो हेही आपण डोळ्यांदेखत पाहिले आहे. १९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातील टफीने पांढऱ्याशुभ्र केसाळ कुत्र्यांना घरोघरी पोहोचविले. २००३ साली एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे चालणारा पग दिसला आणि शहरांतून पगांची मागणी वाढली. चपट्या नाकाच्या या जातीला आपल्या उन्हाळ्यात श्वास घेणे जड जाते, ही माहिती जाहिरातीत नव्हती. उलटपक्षी मुधोळ, कारवानी, पश्मी या आपल्या दख्खनच्या मातीतील जातींची आठवण आपल्याला कोणी सरकारी व्यासपीठावरून करून दिली तरच होते. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीट काढले, तेव्हा असा कुत्रा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे हे कित्येकांना प्रथमच समजले.

तिसरा बदल प्रदर्शनाचा. कुत्र्याचा वाढदिवस, त्याचा केक, त्याचा सदरा, त्याच्या 'आईबाबां'सह काढलेली चित्रफीत, आणि ती किती लोकांनी पाहिली याची मोजदाद, हे सर्व आता नित्याचे झाले आहे. यावर नुसते नाक मुरडणे मला मान्य नाही. घरात एकच मूल, तेही शिक्षणासाठी परगावी. आई-वडील एकमेकांशी बोलण्याऐवजी आपापल्या पडद्याकडे पाहत बसलेले. अशा घरात दारातली किल्ली वाजली की धावत येणारा प्राणी हा मोठाच आधार असतो. आमच्या मोत्याला कुकरच्या तिसऱ्या शिटीला भुंकण्याची सवय आहे. माझी आई अंथरुणाला खिळली होती त्या चार महिन्यांत हे भुंकणे म्हणजे तिच्या दिवसाचे घड्याळ होते. तेव्हा माया खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. ती माया कुठे येऊन थांबते, हा माझा प्रश्न आहे.

माझे बालपण पुण्यात पेठेतील एका वाड्यात गेले. त्या वाड्यात चौदा बिऱ्हाडे होती आणि एक कुत्रा होता. त्याचे नाव खंड्या. तो कोणाच्याही मालकीचा नव्हता. सकाळी एका बिऱ्हाडाची शिळी पोळी, दुपारी दुसऱ्याच्या पातेल्यातली खरवड, रात्री तिसऱ्याचे ताक-भाताचे उष्टे, असा त्याचा योगक्षेम चाले. वैश्वदेवाच्या बलिहरणात श्वानाचाही वाटा काढणारी पिढी तेव्हा हयात होती. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा मुलांना सांगितली जाई. दत्ताच्या पायांशी आणि खंडोबाच्या घोड्याजवळ कुत्रा आहे, हे प्रत्येक तसबिरीत दिसे.

हे चित्र रम्य आहे, परंतु ते पूर्ण नाही. याच भाषेत 'कुत्र्याचे जिणे' हा शब्दप्रयोग आहे, आणि 'हाड' हा शब्द दगड उचलतानाच उच्चारला जातो. खंड्याला कधी लस टोचली गेली नाही. वाड्यातील एका मुलाला कुत्रा चावला तेव्हा त्याला पोटात घ्यावी लागलेली ती इंजेक्शने आम्ही मुले भीतीने मोजत असू. नगरपालिका त्या काळी कुत्रे सरसकट मारीत. तेव्हा जुने ते सोने असा दावा मला करावयाचा नाही. परंतु एक गोष्ट निश्चित होती. खंड्या चावला असता तर चौदाही बिऱ्हाडांना तो आपला प्रश्न वाटला असता. 'कोणाचाच नाही' याचा अर्थ तेथे 'सर्वांचा' असा होता.

वाडा पाडून इमारती उभ्या राहिल्या. जागा भाड्याची होती ती मालकीची झाली, आणि मालकीबरोबर कुंपण आले. मनाचेही तसेच झाले. कुत्र्यांचे दोन वर्ग पडले. एक कुंपणाच्या आतला, ज्याला आपण मुलासारखे मानतो; दुसरा कुंपणाबाहेरचा, ज्याच्याकडे आपण भीतीने पाहतो किंवा मनाला बरे वाटावे म्हणून रात्री उरलेला भात टाकतो. गेल्या पावसाळ्यात या दुसऱ्या वर्गाने आमची चांगलीच परीक्षा घेतली.

आमच्या वसाहतीच्या फाटकाशी रखवालदाराची खोली आहे. फाटकाबाहेर रात्री कुत्र्यांना खाऊ घालणारी पाच-सहा घरे आहेत आणि त्यांत आमचे एक आहे. त्यामुळे सात-आठ कुत्र्यांनी तेथे ठाण मांडले होते. एके सकाळी दूध आणावयास निघालेल्या रखवालदाराच्या आठ वर्षांच्या मुलाच्या पोटरीचा एका कुत्र्याने लचका तोडला. वसाहतीतील एका परिचारिकेने प्रसंगावधान राखून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली. जवळच्या सरकारी दवाखान्यात लस होती. परंतु खोल जखमेत भरावे लागणारे रक्तद्रव्य नव्हते. त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले. पुढे लशीच्या उरलेल्या मात्रांसाठी पुन्हा पुन्हा फेऱ्या झाल्या. महिन्याअखेरीस तो मला म्हणाला, "सर, पोरगं बरं हाय. पण चार खाडे पडले." त्याने तक्रार केली नाही. खाड्यांचा फक्त हिशेब सांगितला.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. उपभोग एकाचा आणि त्याची किंमत तिसऱ्याच्याच माथी, असा हा प्रकार. कारखान्याचा धूर किंवा मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती ही वर्गात मी देत असलेली उदाहरणे. भूतदयेचेही उदाहरण देता येते, हे मला त्या दिवशी कळले. पुण्य आमचे होते आणि खाडे त्याचे होते.

त्यानंतर वसाहतीची सभा भरली. सभेत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, कुत्रे उचलून न्या. दुसरा म्हणे, कुत्र्यांना हात लावाल तर कायद्याने जाल. दोन्ही बाजूंनी भाषणे झाली, भ्रमणध्वनीवरील बातम्या वाचून दाखविल्या गेल्या. दीड तासात त्या मुलाच्या खर्चाचा विषय मात्र एकदाही निघाला नाही. मीही तो काढला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

हेच चित्र त्या वर्षी देशाच्या पातळीवर दिसले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली परिसरातील भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. देशभर वादळ उठले. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलून निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेले कुत्रे, रेबीज झालेले किंवा आक्रमक वगळता, जेथून आणले तेथेच सोडावेत आणि खाऊ घालण्याच्या जागा नेमून द्याव्यात असे सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्रे हलवून पुन्हा तेथे सोडू नयेत असा आदेश आला. न्यायालयाला अवघ्या तीन महिन्यांत इतक्या वेळा बोलावे लागले, याचा अर्थ जे काम नगरपालिकांनी आणि नागरिकांनी वर्षानुवर्षे करावयाचे ते झाले नव्हते.

वस्तुतः हा वाद नवा नाही. १८३२ सालच्या जून महिन्यात इंग्रज सरकारच्या कुत्रे मारण्याच्या मोहिमेविरुद्ध मुंबईत दंगल झाली. पारशी समाज त्यात अग्रभागी होता. दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या लष्करी छावणीला जाणारी रसद अडविण्यात आली. प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवल्यामुळे शिपाई उत्साहाच्या भरात लोकांच्या घरच्या कुत्र्यांवरही हात टाकीत, ही त्या असंतोषामागची एक ठिणगी होती. प्रलोभन चुकीच्या जागी ठेवले की धोरण कसे उलटते याचा हा जुना धडा आहे.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे मोजले गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी केलेल्या आणि २०२५ च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात. त्यांतील तीन-चतुर्थांश चावे कुत्र्यांचे असतात, आणि रेबीजने वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यू होतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. वेळेवर लस मिळाली तर मरण्याचे कारण नाही. म्हणजे हे मृत्यू रोगापेक्षा अव्यवस्थेचे आहेत. मोटारीतून जाणाऱ्याला कुत्रा क्वचितच चावतो. चावतो तो पायी चालणाऱ्याला, पहाटे कचरा वेचणाऱ्याला, उघड्यावर खेळणाऱ्या पोराला.

उपाय अज्ञात आहे असेही नाही. एखाद्या भागातील सत्तर टक्के कुत्र्यांना नियमित लस टोचली गेली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या शेजारच्या गोव्याने ते करून दाखविले. २०१३ पासून तेथे गावोगावी, वाड्यावाड्यांवर कुत्र्यांचे लसीकरण सुरू झाले. शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याशी कसे वागावे आणि चावल्यास काय करावे हे शिकविण्यात आले. २०१८ ते २०२० या सलग तीन वर्षांत तेथे रेबीजने एकाही माणसाच्या मृत्यूची नोंद झाली नाही. हे न कुत्रे मारून साधले, न निव्वळ भात टाकून.

कायद्यानेही एक चांगला शब्द दिला आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत अशा कुत्र्यांना 'सामुदायिक प्राणी' म्हटले आहे. खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि फाटकापासून दूर असावी आणि तिची व्यवस्था रहिवाशांच्या संस्थेने लावावी, असे त्यात सांगितले आहे. शब्द योग्य आहे. अडचण एवढीच की नियमांनी प्राणी सामुदायिक ठरविला तेव्हा समुदाय जागेवर राहिलेला नव्हता. चौदा बिऱ्हाडांचा वाडा चौसष्ट सदनिकांचा संच झाला होता. वाचनालय, व्याख्यानमाला, नगरपालिकेची शाळा, बाग यांचेही हेच झाले. ज्याला ऐपत आहे त्याने आपली खासगी व्यवस्था केली आणि सामाईक ते ओस टाकले. गल्लीतला कुत्रा भुंकतो म्हणून तो आपल्या लक्षात तरी येतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कुरणे, कालवे, मासेमारीची पाणथळे यांसारखी सामाईक साधने सरकारच्या ताब्यात देऊन किंवा खासगी मालकीत वाटूनच वाचतात असे नाही. लोकांनी आपसांत नियम ठरविले, खर्चाचा वाटा उचलला आणि एकमेकांवर देखरेख ठेवली तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, असे त्यांनी देशोदेशींच्या उदाहरणांनी दाखविले. मराठी माणसाला हे नवे वाटू नये. आपण त्याला वर्गणी म्हणतो. तिच्या जोरावर या प्रांतात उत्सव उभे राहिले, वाचनालये उभी राहिली.

आमच्या वसाहतीतही दुसऱ्या सभेत अखेर वर्गणी ठरली. सभेआधी मी रखवालदाराचे खाडे माझ्या खिशातून भरून दिले होते. परंतु त्याने प्रश्न मिटत नाही, हे मला मान्य होते. कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी महापालिकेकडे पाठपुरावा करणे, दरवर्षी लस, खाऊची जागा मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ, आणि चावा झाल्यास उपचाराचा व बुडालेल्या मजुरीचा खर्च सर्वांनी मिळून, असे चार ठराव झाले. चौसष्टांपैकी एकतीस घरांनी पैसे दिले. हा आकडा समाधानाचा नाही. पैसे न देणाऱ्यांत कुत्रे उचलून न्या म्हणणारे होते तसेच कुत्र्यांवर अतोनात प्रेम करणारेही होते. कुत्र्यांची नोंदवही आता माझ्याकडे आहे आणि सातांपैकी पाच कुत्र्यांसमोर लशीची तारीख लिहिलेली आहे.

स्मिथचे म्हणणे, मोत्याचा अपवाद सोडला तर, बरोबरच आहे. कुत्रा करार करू शकत नाही. तो आपल्यापाशी येतो तो केवळ विश्वासाने. म्हणूनच त्या न लिहिलेल्या कराराच्या दोन्ही बाजू आपल्याच अंगावर पडतात. त्याचे पोट आणि त्याचे दात, दोहोंची जबाबदारी घेणार नसू, तर भात टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

गेल्या आठवड्यात मोत्याने खालून एक लहानशी चप्पल आणली. एरवी चप्पल गेली की मुले हसत, पोळीचा तुकडा घेऊन वर येतात. ही न्यायला कोणी आले नाही. ती रखवालदाराच्या मुलाची होती. मी स्वतःच ती घेऊन खाली गेलो. मोत्या नेहमीप्रमाणे माझ्यामागून शेपूट हलवीत आला. त्याला पाहताच मुलगा दोन पावले मागे सरकला आणि खोलीच्या दाराआड गेला. चप्पल उंबऱ्यावर ठेवून मी मोत्याला घेऊन परतलो.